चार तारांचा जॅक

ठिणगी माहेरी आली ती वडिलांना न्यायलाच. चपला काढता काढताच तिने दारात तसं जाहीर करून टाकलं. सासूबाई मोठ्या दिरांकडे कायमच्या राहायला गेल्या, खोली रिकामी झाली, पलंग आणला, खिडकीला जाळी लावून घेतली, आणि पलंगाच्या उशाशी फोनची वायर खोचायला टेलिफोनचा जॅक तिने स्वतःच्या हाताने बसवलाय. बोलताना तिचा ऊर नुसता भरून आला होता. आपण फार चांगलं काम करायला निघालोय असं एकदा माणसाला वाटायला लागलं की त्याला समोरचं काही दिसत नाही. ठिणगीलाही दिसलं नाही.

वहिनीने मात्र तोंडभरून स्वागत केलं. नणंदेला या घरात पाण्याचा पेला इतक्या मायेने आजवर कधी मिळाला नव्हता. त्यातली मेख कळायला फार वेळ लागला नाही. ठिणगीने येण्याचं आदल्या दिवशीच कळवलं होतं. वहिनीच्या गळ्यात मापाची टेप लोंबत होती, आणि पाणी देऊन झाल्यावर ती परत बाबांच्या खोलीत जाऊन खिडकीची रुंदी मोजायला लागली. पडद्यासाठी. बाबा पलंगावर बसलेले, आणि ही बाई त्यांच्या डोक्यावरून हात लांब करून माप घेतेय. म्हातारा अजून खोलीत आहे, एवढी तरी लाज धरावी की नाही?

ठिणगी बाबांच्या चांगल्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली की मी तुम्हाला न्यायला आले. बाबांनी वर पाहिलं. आलीस का, बस, एवढंच म्हणाले आणि परत खिडकीबाहेर बघायला लागले. इतक्या दिवसांनी लेक दारात आली तर माणूस निदान पाठीवरून हात फिरवतो. ठिणगीने मनात म्हटलं, राग अजून गेला नाही वाटतं.

राग कसला, ते सांगायला हवं.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. उभा जन्म खांबांवर चढण्यात आणि लोकांच्या घरातल्या फोनच्या डब्या उघडण्यात गेला. दोन्ही पोरांना खेळणी म्हणून तारांचे तुकडे मिळाले. ही एवढीशी असताना तिने स्क्रू-ड्रायव्हरने बॅटरीची दोन टोकं जोडून दाखवली होती, चर्रकन ठिणगी उडाली, आई किंचाळली आणि बाबा हसले. तेव्हापासून ती ठिणगी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. मोठा मुलगा, म्हणजे दादा, त्याने घराच्या पुढच्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकलं. आणि ठिणगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तिथे मोठमोठ्या इमारतींत नेटवर्कच्या केबल टाकणाऱ्या कंपनीत लागली आणि चार माणसांची मुकादम झाली. इतर बायका पर्समध्ये कंगवा ठेवतात, ही तारा जॅकमध्ये दाबायचं पंचिंगचं टूल ठेवते, असं तिचा नवरा चारचौघांत सांगायचा. ते खरंच होतं.

आई गेली तेव्हा ठिणगीने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की बाबांना मी नेणार. कुणी तिला भरीस घातलं नव्हतं. नेईपर्यंत दर रविवारी ती फोन करायची. बाबांचा उजवा कान कामातच गेला होता आणि डावाही अर्धाच शिल्लक, त्यामुळे मोबाइलवर त्यांना ओ की ठो कळत नसे. त्यांच्या खोलीत त्यांचा जुना फोन होता, जाडजूड, रिसीव्हरला आवाज वाढवायचं चाक असलेला. त्याचा नंबर वेगळा, लाइन वेगळी. घरात दुसऱ्या कुणाशी त्याचा संबंध नव्हता. त्या फोनवर बाबा बोलायचे, आणि ते एकदा सुरू झाले की ठिणगीची भाजी करपायची.

मग एका रविवारी बाबांनी विचारलं, मग कधी येऊ मी? सासूबाई तेव्हा नुकत्याच येऊन राहिल्या होत्या. ठिणगी म्हणाली, आता नको बाबा, जरा थांबा, पुढे बघू. बरं, म्हणाले आणि फोन ठेवला. तिला ते लागलं. पुढच्या रविवारी तिने फोन केला तर रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग तिने दादाच्या मोबाइलवर फोन करून विचारलं, तर तो म्हणाला की रागावलेत, जाऊ दे थोडे दिवस. तिने थोडे दिवस जाऊ दिले. मग आणखी थोडे. रविवारचा फोन महिन्यातून एकदा झाला, मग तोही थांबला. उन्हाळा गेला, पाऊस गेला, थंडी पडायला लागली.

खरं सांगायचं तर तिला थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. बाप रागावलाय म्हटल्यावर काही करायला नको, उत्तर द्यायला नको. रुसवा निघाला की बघू. असं मनात येतं माणसाच्या, फक्त कुणी ते तोंडाने कबूल करत नाही.

तर आता ती बाबांच्या पलंगाशी बसली होती आणि बाबा बोलत नव्हते. वहिनी माप घेऊन गेली. शेजारच्या स्टुलावर तो फोन होता, स्वच्छ पुसलेला. हाताला चाळा म्हणून ठिणगीने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

काहीच नाही. डायल टोन नाही, साधी घरघर नाही. भिंतीला कान लावला तर भिंतही यापेक्षा जास्त बोलेल.

तिने बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरच बघत होते. तिने स्वतःचा मोबाइल काढला आणि बाबांचा नंबर लावला. तिच्या कानात रिंग सुरू झाली, ट्रिंग ट्रिंग, एकदम व्यवस्थित, जशी ती इतके रविवार ऐकत आली होती तशीच. आणि वीतभर अंतरावर स्टुलावरचा फोन गप्प होता.

तिने मोबाइल बंद केला आणि ती फोनची वायर कुठे जाते ते शोधायला लागली. कारण ही गोष्ट तिला पाठ होती. आपल्या कानात वाजते ती रिंग आपल्याला एक्स्चेंज ऐकवतं. तिकडे घंटा वाजतेय की वायर उंदराने खाल्लीय, याच्याशी तिचा काडीचा संबंध नसतो. हे तीच तर गिऱ्हाईकांना सांगायची. लोक तक्रार करायचे की रिंग जाते पण समोरचा मुद्दाम उचलत नाही, आणि ही हसायची, अहो, रिंगवर विश्वास ठेवू नका, आधी लाइन तपासा. दुसऱ्याच्या बाबतीत सांगताना तोंड कधी दुखलं नाही. स्वतःच्या बापाच्या बाबतीत मात्र तिने रिंग ऐकली आणि रुसवा ठरवून मोकळी झाली.

फोनची वायर कपाटाच्या मागे गेली होती. ठिणगीने पदर खोचला आणि कपाटाला खांदा लावला. खडखडाट ऐकून वहिनी धावत आली आणि म्हणाली की अगं फरशीला ओरखडे पडतील, आता तुम्ही निघायची तयारी करा, त्याचं काय काम? ठिणगी ढकलतच राहिली. वहिनीने मुकाट्याने दुसऱ्या बाजूला हात लावला.

कपाटामागे भिंतीवर पांढरी प्लेट होती, नवी कोरी. तिला दोन भोकं. एका भोकातून एक केबल निघून भिंत भेदून पलीकडे, वहिनी जिथे बसून काम करायची त्या खोलीत गेली होती. दुसऱ्या भोकात बाबांच्या फोनचा प्लग व्यवस्थित बसवलेला होता. बघणाऱ्याला वाटावं, सगळं जागच्या जागी आहे.

पण ठिणगी बघणाऱ्यातली नव्हती. दोन्ही भोकं नेटवर्कची होती, आठ तारांची, रुंद. फोनचा प्लग लहान असतो. तो त्या रुंद भोकात जातो, खट् असा आवाज करून बसतोही, आणि अनाडी माणसाला वाटतं झालं काम. तिने प्लेटचे दोन स्क्रू काढले आणि प्लेट पुढे ओढली. पहिल्या जॅकमध्ये आठच्या आठ तारा दाबलेल्या. दुसऱ्या जॅकच्या मागे काही नाही. एकही तार नाही. नुसतं भोक.

मग तिला सगळा हिशोब लागला. या घरात पूर्वी केबल टाकली तेव्हा इंटरनेटला आठातल्या चारच तारा लागायच्या. उरलेल्यांपैकी निळ्या तारांची जोडी बाबांनी स्वतः फोनसाठी घेतली होती आणि शेजारी लहान, चार तारांचा, फोनचा असा जॅक बसवला होता. आता वेगवान नेट हवं तर आठही तारा लागतात. कुणीतरी निळी जोडी फोनवरून काढून नेटला दिली होती, लहान जॅक उपटून फेकला होता आणि शोभेचं भोक लावून त्यात प्लग खोचून ठेवला होता. या घरात पंचिंग टूल चालवणारं आणखी एकच माणूस होतं.

दादा दुकानात एका मोबाइलला काच चिकटवत बसला होता. बुडबुडा राहू नये म्हणून जीभ बाहेर काढून. ठिणगीने विचारल्यावर त्याने मान वर केली नाही. म्हणाला की हो, घेतली मी जोडी. वहिनीचं काम सगळं स्क्रीनवर असतं, आणि नेट असं की मीटिंगमध्ये हिचं तोंड वाकडं होऊन तिथेच थिजायचं. साहेब हसायचे. नोकरी जायची पाळी आली होती. दुसऱ्या दिवशी फोनसाठी वेगळी वायर ओढणार होतो, दुकानात गर्दी झाली, राहून गेलं. राहून जातं माणसाचं, तुझं नाही का राहत?

हे सगळं ठिणगीने ऐकून घेतलं. राहून गेलं हे तिला पटलंही असतं. घरचं काम घरच्यांकडून शेवटी होतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात स्विचचा बोर्ड सहा महिने उघडा होता.

"आणि प्लग?" तिने विचारलं. "विसरला असतास तर वायर लोंबकळत राहिली असती. प्लग त्या भोकात कुणी खोचला?"

दादाने काच खाली ठेवली. बुडबुडा राहिलाच होता.

"लोंबकळत होती," तो म्हणाला. "वाईट दिसत होतं."

ठिणगीने ती काच बाजूला सरकवली. मग ती म्हणाली की मी तुला मोबाइलवर विचारलं तेव्हा तू सरळ सांगितलंस रागावलेत म्हणून. बापाची वायर तोडलीस आणि वर बापालाच रुसका ठरवलंस.

"तू काय विचारलंस ते आठव," दादा म्हणाला, आता त्याचाही आवाज चढला होता. "तूच म्हणालीस, रागावलेत का रे माझ्यावर? मी हो म्हटलं. तुला तेच ऐकायचं होतं. नाहीतर दुसऱ्याच दिवशी आली असतीस."

चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून ती दुकानाची पायरी उतरली. पण बोंब उलटी असली तरी कानात शिरायची ती शिरलीच.

तिने ठरवलं, आधी फोन चालू करायचा. मग बाबांना सगळं समजावून सांगायचं, की मी फोन करत होते, दादाने वायर काढली होती, तुम्हाला उगाच वाटलं मी विसरले. ते ऐकलं की बाबा विरघळतील. मग बॅग भरायची आणि निघायचं. बाबा तिच्याकडे येणार की नाही, हे तिला आता त्या एका लहान जॅकवर अवलंबून आहे असं वाटायला लागलं. म्हणून ती बाजारात गेली.

पातळ फोनची वायर पहिल्याच दुकानात मिळाली. जॅक मात्र मिळेना. पहिला दुकानदार म्हणाला की ताई, असले जॅक आता संग्रहालयात बघायला मिळतात. दुसऱ्याने नेटवर्कचा रुंद जॅक काढून पुढे ठेवला आणि सांगितलं की यातच फोनचा प्लग बसतो, सगळे हेच वापरतात. ठिणगी म्हणाली की बसतो, पण आतल्या कडेच्या पट्ट्या दाबल्या जाऊन वाकतात, आणि पुढे नेटचा प्लग घातला की रडत बसायचं. दुकानदार म्हणाला, नेटचा प्लग घालणार आहे का कुणी? नाही. मग वाकेनात का!

तो बरोबरच बोलत होता. त्या रुंद जॅकच्या मधल्या दोन टोकांना तार दाबली असती तर फोन चालला असता, आणि ती जोडणी ठिणगी झोपेतही करू शकली असती. पण सकाळपासून तिने त्या रुंद भोकात खोचलेला लहान प्लग डोळ्यांनी पाहिला होता. तसं दुसरं काही बापाच्या भिंतीवर लावायला तिचं मन घेईना. ती आणखी दुकानं फिरली. एकाने नुसताच प्लग दाखवला, एकाने दुहेरी जोड दाखवला, एकजण फोन म्हटल्यावर मोबाइलची कव्हरं दाखवायला लागला. एक म्हातारा दुरुस्तीवाला भेटला, त्याने खोक्यात हात घालून ढवळलं, तुटके तुकडे टेबलावर ओतले, त्यातला एक जॅक अखंड निघाला तर त्याच्या आतल्या तारा हिरव्या पडून गळालेल्या. दुपार कलली. पायांचे तुकडे पडले. शेवटी तिने तो रुंद जॅकच घेतला आणि घरी आली.

बाबा पलंगावर तसेच बसले होते. ठिणगी लगेच कामाला लागली. पुढच्या खोलीतल्या, बाहेरची लाइन येते त्या डबीपासून पातळ वायर दाराच्या चौकटीवरून, भिंतीच्या कडेने खिळे मारत मारत तिने कपाटामागे आणली. वहिनीने दोनदा विचारलं की हे निघताना काढणार ना. ठिणगीने दोनदा ऐकलं नाही. मग ती भिंतीशी मांडी घालून बसली, पिशवीतून रुंद जॅक काढला आणि वायरीचं टोक सोलायला घेतलं.

"तो नको," मागून बाबा म्हणाले. "चार तारांचा लागेल. माझ्या पेटीत आहे, वरतीच."

ठिणगीचा हात थांबला. तिने बाबांना अजून काहीच सांगितलं नव्हतं. कसला जॅक, कुठली वायर, कोणती जोडी, काही नाही. दुकानातलं भांडण त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

तिने पलंगाखालून पेटी ओढली. बाबांची जुनी हत्यारं, तेल लावून ठेवलेली. सगळ्यात वर, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला, लहान जॅक. शेजारी दोन स्क्रू. तिने फडकं उघडलं आणि मग वळून त्या भिंतीवरच्या प्लेटकडे, सकाळी आपण काढून ठेवलेल्या स्क्रूंकडे पाहिलं. सकाळी ती रागात होती, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात गेलं नव्हतं. काढण्याआधी त्या दोन्ही स्क्रूंच्या खाचा सरळ उभ्या होत्या. दादा स्क्रू जिथे थांबेल तिथे सोडतो. खाच उभी येईपर्यंत जपून फिरवायची ही एकाच माणसाची खोड होती, आणि त्यावरून तो दोन्ही पोरांना लहानपणी पुष्कळदा रागे भरला होता.

"तुम्ही उघडली होतीत," ती म्हणाली.

"उघडली होती."

"कधी?"

"त्याने लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी. टोन नव्हता." बाबांनी कपाटाकडे पाहिलं. "कपाट हलवायला तेव्हा येत होतं मला."

ठिणगी त्यांच्याजवळ सरकली. तिने ठरवून ठेवलेलं सगळं भाषण आता उपयोगाचं राहिलं नव्हतं, तरी तिने ते म्हटलंच. मी फोन करत होते, बाबा. दर रविवारी केला. दादाने काढली वायर, मला काय माहीत? बाबांनी मान हलवली. त्यांना तेही माहीत होतं. वायर नाही म्हणजे घंटा नाही, घंटा नाही म्हणजे लेक फोन करत असणार आणि तो इथपर्यंत येत नसणार, हे न समजायला ते काय नवशिके होते? मग त्यांनी दादाला का नाही विचारलं, असं ती म्हणाली.

"तो प्लग खोचत होता तेव्हा मी इथेच बसलो होतो," बाबा म्हणाले. "मी बघतोय हे त्याला दिसत होतं. बापाच्या डोळ्यांदेखत मुलगा खोटा प्लग खोचतो, त्याला काय विचारायचं? त्याच्याच घरात जेवतो मी."

"मग तुम्हीच लावायचा होतात. जॅक होता, टूल होतं."

"जोडीच नव्हती शिल्लक. नवी वायर ओढायची म्हणजे शिडीवर चढायचं." त्यांनी आपले हात पुढे धरले. ते थरथरत होते. मग त्यांनी ते परत मांडीवर ठेवले. "म्हटलं, ठिणगी येईल. तिला रिंग ऐकू येईल आणि कुणी उचलत नाही म्हटल्यावर एक दिवसात ती दारात उभी राहील. म्हणून जॅक काढून वर ठेवला. तुला शोधत बसायला नको."

ठिणगी रडायला लागली. मोठ्याने नाही. नाक ओढत, फडक्यातला जॅक हातात धरून.

"मला वाटलं, तुम्ही रागावलात," ती म्हणाली.

"रागावलोच होतो. पुढे बघू म्हणालीस ना. रागावलेल्या बापाकडे यायचं नसतं का?" बाबांचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "परक्या माणसाची लाइन बंद पडली असती तर तू त्याच दिवशी गेली असतीस गं."

 बाहेर दादाच्या दुकानात कुणीतरी चार्जर मागत होतं. पलीकडच्या खोलीत वहिनीचा आवाज स्क्रीनशी बोलत होता, खणखणीत, कुठेही न अडकता.

मग ठिणगी म्हणाली की आता चला ना माझ्याकडे. खोली तयार आहे. उशाशी जॅक आहे. बाबा म्हणाले की नाही येत. तिने विनवण्या केल्या, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं, दादाला आणि वहिनीला वाट्टेल ते बोलली. इथे यांनी तुमच्या खिडकीची मापं घेतली आहेत, म्हणाली.

"मला ठाऊक आहे," बाबा म्हणाले. "इथे कोण काय करतं ते मला ठाऊक आहे. इथे मी कुणाची वाट बघत नाही."

मग त्यांनी कपाटामागे बोट दाखवलं आणि म्हणाले की ते काम अर्धवट ठेवू नकोस.

ठिणगीने डोळे पुसले आणि भिंतीकडे वळली. लहान जॅकच्या मधल्या दोन टोकांना तारा दाबल्या, ओढून पाहिल्या, जॅक प्लेटमध्ये बसवला. स्क्रू फिरवले, खाचा उभ्या आणल्या. प्लग घातला. स्टुलावरचा रिसीव्हर उचलला तर डायल टोन आला, भरगच्च, स्वच्छ. तिने रिसीव्हर बाबांच्या डाव्या कानाला लावला. त्यांनी ऐकला, ठीक आहे म्हणाले आणि जागेवर ठेवला. दुसऱ्या कुणी केलेल्या कामाला म्हणतात तसंच.

कपाट तिने एकटीनेच परत ढकललं. कुणाला हाक मारली नाही. बाबांच्या पाया पडली तेव्हा त्यांनी नीट जा म्हटलं. बॅग रिकामीच होती, बाबांचे कपडे घालायला आणलेली. वहिनी दारापर्यंत आली आणि तिचं तोंड इतकं उतरलं होतं की एखाद्याला वाटावं, नणंद निघाली म्हणून हिला भडभडून आलंय. दादा काच पुसत राहिला. जाते, एवढं म्हणून ठिणगी रस्त्याला लागली.

घराला वळसा घालून गल्ली बाबांच्या खिडकीखालून जायची. खिडकी उघडी होती. आत बाबा पलंगावर बसलेले दिसत होते, स्टुलाकडे तोंड करून. ठिणगी थांबली. समोर जे बोलता आलं नाही ते कदाचित फोनवर बोलता येईल, बाबा फोनवर नेहमीच मोकळे असायचे, असं तिच्या मनात आलं. तिने मोबाइल काढून नंबर लावला.

एका कानात रिंग सुरू झाली. आणि दुसऱ्या कानाला, खिडकीतून, घंटा ऐकू आली, दणदणीत, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आतून वहिनी ओरडली की बाबा, फोन वाजतोय.

बाबांनी हात पुढे केला. तो रिसीव्हरवर ठेवला, आणि तसाच ठेवून बसून राहिले.

घंटा वाजत होती. ठिणगी गल्लीत उभी राहून ऐकत होती. वायर नवी होती, जोडणी तिने स्वतः केली होती, आणि लाइनमध्ये कुठेही दोष नव्हता.